डोंगर दिसावा, पण चढावा लागू नये! गाव, तळं आणि समुद्राकाठच्या सोप्या फेऱ्या सुचवा

शेंगाचटणी (लातूर)

राम राम मंडळी. वडील सत्तरीच्या पुढचे, जन्मभर शेतात चाललेले. गाडीच्या काचेतून काही बघणं त्यांना शिक्षा वाटते. आईचा उजवा गुडघा कुरकुरतोय. डॉक्टर म्हणाले, रोज चाला, पायऱ्या टाळा. दिवाळीनंतर दोघांना घेऊन कुठंतरी जायचंय. आईला समुद्र बघायचाय. वडिलांना डोंगर पाहिजे. दोघंही हट्टी, आणि भाड्याची गाडी एकच.

मला गड-किल्ल्यांची यादी नकोय. सकाळी दीड-दोन तास रमतगमत चालता येईल, बाजूला पाणी असेल, समोर डोंगर दिसेल, मधे बसायला ओटा मिळेल आणि चहा मिळेल असं सांगा. नेटवर ज्याला ‘एकदम सोपा ट्रेक’ म्हणतात तो पंचविशीतल्या पोरांनी लिहिलेला असतो, त्यावर विश्वास राहिला नाही. कोकणात न्यायच्या आधी इथंच जवळपास एक-दोन ठिकाणी चालवून बघावं असाही विचार आहे. वडील माळकरी आहेत, तेही लक्षात असू द्या.

कोरडवाहू (परभणी)

जगात जर्मनी, भारतात परभणी, पण समुद्र आणि डोंगर दोन्ही आमच्याकडं नाहीत बगा. जिंतूरकडं गेलं की नेमगिरीचे डोंगर लागतात, पुढं येलदरीचं पाणी. बाकी सगळी काळी जमीन. खुर्ची टाकून बसलोय, येऊ द्या.

देवगिरीची_वाट (छत्रपती संभाजीनगर)

तुमच्या अटींत आमचा जिल्हा बसतो, फक्त कुठं थांबायचं ते माहीत पाहिजे.

दौलताबादचं नाव काढलं की लोक म्हणतात, बाप रे, पायऱ्या. पण महाकोटाच्या दरवाजातून आत गेलात की हत्ती हौद, भारतमाता मंदिर, चांद मिनार हे सगळं जवळपास सपाटीवर आहे. १५व्या शतकातला तो मिनार आणि त्याच्या मागं ताशीव कड्याचा देवगिरी, हे दृश्य बघायला एक पायरीही जास्त चढावी लागत नाही. पुढं चिनी महालाकडं चढ सुरू होतो. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशाह तिथं कैदेत होता. वडिलांना हौस असेल तर त्यांनी तिथवर जावं, आईंनी हौदाच्या काठी बसावं. त्याच्या वर भुयारी अंधारी आणि बारादरी, त्याचा विचारच सोडा. बाहेर पेरू, सीताफळं, अंजिरं विकायला असतात, हंगाम बघून घ्या.

वेरूळला ३४ लेणी आहेत आणि सगळी बघायचा अट्टहास हाच माणसाला दमवतो. कैलास, म्हणजे १६वं लेणं, फाटकासमोरच आहे. त्याच्या अंगणात आणि ओवऱ्यांत निवांत फिरलं तरी तास जातो. तिथून पायथ्याच्या वाटेनं दोन्ही बाजूंची जमतील तेवढी लेणी करा. जैन लेणी लांब आहेत, तिकडं गाडीनं जा. कैलासाच्या डोक्यावरून खाली बघायला बाजूनं जी पोरं चढत असतात त्यांच्या मागं लागू नका, तो खडकाळ चढ आहे. मंगळवारी वेरूळ बंद, सोमवारी अजिंठा बंद, हे भिंतीवर लिहून ठेवा.

अजिंठ्याला सुरुवातीला पायऱ्या आहेतच, पण डोलीवाले असतात. वर पोचलं की वाघूर नदीच्या नालाकृती वळणावरून लेण्यांसमोरची वाट बरीचशी एका पातळीत जाते. चारचाकी फर्दापूरच्या तिठ्यावर लावून पुढं बसनं जावं लागतं, त्यात वेळ जातो. तुमच्या आईंसाठी मी हे दुसऱ्या नंबरावर ठेवीन.

शहरातल्या शहरात बीबी का मकबरा सपाट आहे, कारंज्यांच्या कडेनं लांब फरसबंद वाटा आणि मागं डोंगराची रांग. सकाळी लवकर जा, दहानंतर दगड तापतो. औरंगाबाद लेणी मात्र पायऱ्यांची आहेत, ‘मकबऱ्याच्या मागंच तर आहेत’ असं कोणी म्हटलं तर मान हलवून पुढं जा. गोगाबाबा टेकडीचंही तेच, शहरातले लोक रोज चढतात म्हणून ती सोपी होत नाही.

उभा_आडवा (बीड)

डोंगर चढायचाच नाही तर जायचं कशाला? पोस्टर लावा घरात. माझी आजी कपिलधारला चालत जायची.

शेंगाचटणी (लातूर)

तुमच्या आजीला माझा नमस्कार. माझ्या आईला मंगल कार्यालयाचा जिना जड जातो.

मणक्याचा_मित्र (लातूर)

फिजिओथेरपी हा धंदा असल्यानं बोलतो. आजीचं उदाहरण देऊ नका, आजी रोज डोक्यावर दोन हंडे पाणी वाहत होती.

शेंगाचटणी ताई, चढण आणि उतरण यांतली उतरण गुडघ्याला जास्त नडते. चढताना दम लागतो म्हणून आपल्याला ते अवघड वाटतं, पण उतरताना प्रत्येक पावलाला गुडघ्याच्या वाटीवर भार येतो. म्हणून जी ठिकाणं आधी खाली उतरवतात ती फसवी. कपिलधार, पाटोद्याचा सौताडा, कन्नडकडचं पितळखोरं, सगळीकडं आधी पायऱ्या खाली जातात. माणूस उत्साहात उतरतो आणि धबधब्यापाशी बसून वर बघतो. तुळजापूरही तसंच, महाद्वारातून देवीपर्यंत उतरत जायचं असतं. तिथं श्रद्धा आहे म्हणून लोक करतात, पण त्याच दिवशी दुसरी चाल ठेवू नका.

काठी घ्या. दुखतो उजवा गुडघा, तर काठी डाव्या हातात. निम्मे लोक उलटी धरतात. आणि किलोमीटर मोजू नका, घड्याळ बघा: वीस मिनिटं चाल, पाच मिनिटं बैठक. परतीचं अंतर धरून हिशोब करा, नाहीतर दुसऱ्या टोकाला गाडी बोलवून ठेवा. दुसऱ्या टोकाला गाडी असली की चार किलोमीटरची वाटही म्हाताऱ्या माणसाला जमते. नसली तर दोनचीही जमत नाही.

दगडफूल (धाराशिव)

मणक्याच्या मित्राला अनुमोदन, आणि त्यात भूगोलाची भर घालतो, कारण तो आपल्या बाजूनं आहे.

आपले डोंगर लाव्हाच्या आडव्या थरांचे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक थर साचत गेले, मग पाण्यानं मधले भाग कापून नेले. त्यामुळं अजिंठ्याची रांग घ्या की बालाघाट, माथा टोकदार नसतो, सपाट असतो. बाजू उभी, वरती पठार. म्हणजे त्रास फक्त मधल्या उभ्या भागात, आणि तो गाडीनं पार करायचा. मी वडीलधाऱ्यांना घेऊन जाताना एकच बघतो: एक तर पूर्ण वर सपाटीवर चालायचं, नाहीतर पूर्ण खाली. मधल्या भागात पाय ठेवायचा नाही.

याला म्हैसमाळ चोख बसतं. हजार मीटरच्या वर उंची आहे, खुलताबादवरून डांबरी रस्ता थेट माथ्यावर जातो. वर गिरिजामातेचं देऊळ, बालाजीचं देऊळ आणि पठारावर कडेकडेनं हवं तेवढं चाला. वडिलांना डोंगरावर आल्यासारखं वाटेल, आईंना मैदानात आल्यासारखं. येताना सुलीभंजनला थांबा. एकनाथांनी तप केलं ती जागा, दत्ताचं देऊळ, आणि जवळच तलाव. पाणी आणि डोंगर एका नजरेत येतात. भद्रा मारुती खुलताबादेतच आहे, तिथं शनिवारी जाल तर चालणं होणार नाही, रांगेत उभं राहणं होईल.

सौताडासुद्धा वरून बघा की. दरीच्या काठावरून धबधबा समोर दिसतो, रामेश्वराच्या देवळापर्यंत उतरायलाच पाहिजे असं कुठाय? पाऊस संपता संपता जा, डिसेंबरात नुसता कडा दिसेल.

नळदुर्ग मात्र चुकवू नका. किल्ला मोठा, पण आतलं चालणं बरंचसं सपाट. बोरी नदीवर बंधारा घालून त्याच्या पोटात पाणी महाल केलाय, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. नदीला पूर आला की नर आणि मादी असे दोन धबधबे त्या बंधाऱ्यावरून पडतात आणि आतला माणूस कोरडा राहतो. पाणी महालात उतरायच्या पायऱ्या अरुंद आणि ओलसर असतात, आईंनी बाहेरून बघितलं तरी पैसे वसूल. उपळी बुरुजावर वडील चढतीलच, त्यांना कोणी अडवू नये.

गोदाकाठ (नांदेड)

मराठवाड्यात समुद्र नाही असं कोण म्हणतं? कंधारच्या राष्ट्रकूटकालीन तलावाचं नाव जगत्तुंग समुद्र आहे, घ्या! कंधारचा किल्ला भुईकोट, भोवती खंदक, आत सपाट. तलावाकाठी संध्याकाळी बरं वाटतं, भोवती बालाघाटाच्या टेकड्या आहेत. लातूरहून एका दिवसात जाऊन येणं होतं.

नांदेडात विष्णुपुरीला काळेश्वराचं देऊळ थेट गोदावरीच्या साठलेल्या पाण्याच्या काठावर आहे. देवळाच्या आवारातून दिसणारं पाणी बघून लहान पोरं समुद्रच म्हणतात. माहूर सुंदर आहे, खरे डोंगर तिथंच, पण रेणुकेच्या पायऱ्या आईंना झेपायच्या नाहीत. किनवट-हिमायतनगरकडचं सहस्रकुंड पावसाळ्यात भारी, मात्र तिथल्या खडकावर शेवाळ असतं. लांबून बघायचं.

बारव (अंबाजोगाई)

लातूरची माणसं अंबाजोगाईला विसरली कशी? तासा-दीड तासावर आहे. योगेश्वरीचं दर्शन झालं की जयंती नदीकाठचं हत्तीखाना लेणं बघा, दगडातले हत्ती आणि नंदी मंडप, चालणं थोडं. मग गावातूनच बाराखांबी, दासोपंतांची समाधी. दासोपंतांची पासोडी म्हणजे कापडावर लिहिलेलं लांबच लांब काव्य, ते याच गावातलं. वडील माळकरी असतील तर मुकुंदराजांच्या समाधीला न्याच. त्यांचा विवेकसिंधू ग्रंथ शके १११० चा, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या शंभर वर्षं आधीचा. समाधी गावाबाहेर डोंगराच्या कुशीत आहे, वाटेवरून बालाघाटाची दरी दिसते. शेवटी उतार आणि पायऱ्या आहेत, मणक्याचा मित्र रागावेल, म्हणून आईंना वरच्या सावलीत बसवा.

एक गंमत: आमच्याकडं सकाळी फिरायला जाणारे सगळे डांबरी रस्त्याच्या कडेनं उसाच्या ट्रॉल्यांची धूळ खात चालतात, आणि देवळांकडच्या शांत वाटा रिकाम्या असतात.

शेंगाचटणी (लातूर)

सगळं वाचून दाखवलं. वडील म्हणाले, अंबाजोगाई आणि म्हैसमाळ नक्की. आई म्हणाली, “तळी बघितली सगळी. लाटा कुठायत?” तेव्हा कोकणाचं बोला. पैठण कोणीच कसं सुचवलं नाही, तेही सांगा.

देवगिरीची_वाट (छत्रपती संभाजीनगर)

पैठण सुचवलं नाही कारण डोंगर नाही, पण आईंसाठी घ्याच. गावातला नाथांचा वाडा ते गोदाकाठचं समाधी मंदिर, मधे बाजार आणि नागघाट, ही चाल सपाट आणि जिवंत आहे. नाथषष्ठीला नको, तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. नाथसागर म्हणजे जायकवाडीचं पाणी: १९६५ला लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, १९७६ला इंदिरा गांधींनी उद्‌घाटन. पाणी उथळ आणि पसरट असल्यानं हिवाळ्यात पक्षी उतरतात, रोहित म्हणजे फ्लेमिंगो, पट्टकादंब हंस. काठावरून पलीकडचं टोक दिसत नाही. वाऱ्याच्या दिवशी लाटाही असतात, पण आई फसतील असं वाटत नाही.

खाडीपलीकडे (रत्नागिरी)

माझं माहेर अंबाजोगाई, सासर रत्नागिरी, तेव्हा दोन्हीकडचा हिशोब माहीत आहे. आमच्याकडून कोणी आलं की पहिल्या दिवशी समुद्र बघून खूश, दुसऱ्या दिवशी घामानं हैराण. आपल्याकडं ऊन भाजतं, इथं उकडतं. नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी यावं. मेमध्ये आंबे मिळतात, चालणं मिळत नाही.

दगडफूल यांचा ‘वर सपाट नाहीतर खाली सपाट’ हा नियम इथंही लागतो. खाली पुळण म्हणजे वाळूचा किनारा, वर जांभ्या दगडाचा सडा म्हणजे पठार, मधे घाटी. घाटी म्हणजे वाडीतून सड्यावर चढायच्या दगडी पायऱ्या, त्या टाळायच्या.

पहिली पसंती गुहागर. गाव लांबट आहे, एक रस्ता समुद्राला समांतर, दोन्ही बाजूंना कौलारू घरं, मागं नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि वाड्यांमागं किनारा. सकाळी व्याडेश्वराच्या देवळापासून निघा, गावातल्या सावलीतून पाहिजे तितकं चाला, एखाद्या पाखाडीनं किनाऱ्यावर उतरा, ओल्या वाळूवरून परत या. पाखाडी म्हणजे वाड्यांमधली अरुंद वाट, तिथली सपाट असते. किनारा काही किलोमीटर लांब, सुरूची झाडं, मागं डोंगर. तुमची सगळी मागणी एका फेरीत बसते. गर्दीही बेताची.

दुसरी गणपतीपुळे. तिथं देवळामागची टेकडीच गणपती मानतात, म्हणून प्रदक्षिणा टेकडीला घालायची. फरसबंद वाट आहे, किलोमीटरच्या आसपास, थोडा चढ-उतार, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला डोंगर. आई-वडिलांना एकाच वाटेवर दोघांचं मिळतं. जवळ मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे, तिथलं अंगण बसायला छान. पुळ्याच्या पाण्यात मात्र कोणी खोल जायचं नाही, तिथं ओढ आहे.

रत्नागिरी शहरात थिबा पॉइंटवर गाडीनं जा: खाली भाट्याची खाडी, नारळाची बनं, पलीकडं समुद्र. तिथून थिबा राजवाडा जवळ आहे. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी इथं आणून ठेवलं, १९१६ला तो इथंच गेला. संध्याकाळी मांडवीची जेटी किंवा भाट्याचं सुरूबन. गणपतीपुळ्याहून येताना आरे-वारेचा किनाऱ्यालगतचा रस्ता घ्या, वरून दोन्ही किनारे दिसतात.

उभा_आडवा (बीड)

हरिहरेश्वर राहिलं. देवळामागची प्रदक्षिणा एकदम सोपी, समुद्राच्या कडेकडेनं. ही तरी सुचवू द्या.

खाडीपलीकडे (रत्नागिरी)

ही सुचवू देणार नाही. आधी कातळातल्या फटीतून पायऱ्या चढून उतरायचं, मग लाटांनी कोरलेल्या खडकावरून जायचं. भरती असली की ती वाट बंद, आणि लाट आली तर माणूस ओढला जातो. तिथं अपघात झालेले आहेत. तरण्या माणसानंही स्थानिकाला विचारल्याशिवाय जाऊ नये. ओला कातळ आणि गुडघा यांची सोयरीक जमत नाही.

देऊळ बघा, किनाऱ्यावर फिरा, तेवढंच. त्या बाजूला जायचंच असेल तर श्रीवर्धनला राहा, किनाऱ्यालगत बांधलेला फिरायचा रस्ता आहे, बसायला कट्टे आहेत. संभाजीनगर-बीडकडच्यांना पुणे-ताम्हिणी-माणगाववरून ते सोयीचं पडतं. तुम्ही लातूरहून येताय, तर गुहागर-रत्नागिरीच बरी.

शेंगाचटणी (लातूर)

वाळूवर गुडघ्याला त्रास होत नाही का? शेजारच्या काकू म्हणतात वाळूत पाय रुततात.

मणक्याचा_मित्र (लातूर)

काकूंचं बरोबर आहे, कोरड्या वाळूबद्दल. कोरडी वाळू पायाखालून सरकते, पोटऱ्या भरून येतात. लाट मागं गेल्यावर उरते ती ओली, घट्ट वाळू शेतातल्या तुडवलेल्या बांधासारखी असते, तिच्यावर मऊ आणि पक्कं चालता येतं. अडचण तिरकेपणाची. किनारा पाण्याकडं उतरता असतो, म्हणून एक पाय सतत खाली पडतो. जितकं जाल तितकंच परत या, म्हणजे भार दोन्ही पायांवर वाटला जातो. आणि ओहोटीला जा. पाणी लांब गेलं की रुंद, जवळपास सपाट पट्टा मोकळा होतो. भरतीत फक्त वरची कोरडी, तिरकी वाळू उरते.

कोरडवाहू (परभणी)

ओहोटी केव्हा ते कसं कळायचं? आमच्याकडं पाण्याचं टँकर केव्हा येणार तेवढंच कळतं.

खाडीपलीकडे (रत्नागिरी)

पंचांगातून! सासऱ्यांनी शिकवलेला हिशोब देते. तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. द्वितीया असेल तर दोनची पाऊणपट दीड, म्हणजे दीडच्या सुमारास भरती, रात्री आणि दुपारीही. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी साडेसातच्या आसपास. शुक्ल पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. भरती रोज पाऊण तास-पन्नास मिनिटं पुढं सरकते, त्याचंच हे गणित. मुळात हे मुंबईच्या बाजूचं, रत्नागिरीकडं पाणी जरा आधी लागतं, तेव्हा अर्धा-पाऊण तास मागंपुढं धरा आणि बंदरावरच्या माणसाला विचारून पक्कं करा. नेटवर भरतीचे तक्तेही मिळतात.

शिवाय पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, चढ-उतार कमी.

कोरडवाहू (परभणी)

मग एकादशीला अकराची पाऊणपट सव्वाआठ. सकाळी सव्वाआठला भरती, म्हणजे सकाळची फेरी गेली. माळकरी माणसाला समुद्र एकादशीला चालणार नाही असं दिसतंय.

शेंगाचटणी (लातूर)

हे वाचून वडील उठून बसले! त्यांना सगळ्या तिथ्या तोंडपाठ. आता पंचांग घेऊन बसलेत. म्हणतात, प्रतिपदा-द्वितीयेला जाऊ, सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा पाणी लांब, आणि उधाणाच्या लागलीच नंतर असल्यानं पट्टा जास्त रुंद. हे त्यांनी मला समजावलं, मी त्यांना नाही. वद्य प्रतिपदेला पोचायचं, तिसऱ्या दिवशी गणपतीपुळे, असं ठरवायलेत.

खाडीपलीकडे (रत्नागिरी)

वडिलांना दंडवत, पण थांबा. वद्य प्रतिपदेपासून मोजलं तर लगेच संकष्टी येते. त्या दिवशी पुळ्याला प्रचंड गर्दी, आणि ती मंगळवारी पडली तर अंगारकी, मग विचारूच नका. शुक्ल पक्षात या, म्हणजे अमावास्येनंतर. विनायकीला थोडी गर्दी असते, तरी आधी गुहागर दोन दिवस आणि मग पुळे पंचमीला असं ठेवलं की जमतं.

गोदाकाठ (नांदेड)

यायचं कसं ते कोणी बोललं नाही. नांदेड-पनवेल गाडी परभणी, परळी, लातूर, धाराशिव, कुर्डुवाडी, पुणे करत पनवेलला जाते, तिथून कोकण रेल्वेनं चिपळूण किंवा रत्नागिरी. स्वस्त आहे, पण पनवेलला फलाट बदलताना जिना आणि सामान दोन्ही.

दगडफूल (धाराशिव)

गुडघा असेल तर रस्त्यानं जा. नागपूर-रत्नागिरी महामार्ग आपल्या दारातूनच जातो: नांदेड, लोहा, अहमदपूर, लातूर, औसा, तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, मग आंबा घाट. रत्नागिरीपर्यंत साधारण पाचशे किलोमीटर होईल, एका दिवसात रेटू नका. मंगळवेढ्याला चोखोबा गेले, त्यांची समाधी पंढरपूरला, आणि ते तिथून जवळ. पंढरपूरला मुक्काम केला तर वडिलांची समुद्राबद्दलची तक्रारच संपेल. आधी गुहागर करायचं असेल तर पंढरपूरहून कराड, कुंभार्ली घाट, चिपळूण. घाटात मळमळत असेल तर आईंना पुढच्या सीटवर बसवा.

वाटेत औशाजवळ खरोशाची लेणी रस्त्यापासून फार लांब नाहीत. ती जांभ्या दगडात आहेत, कोकणात घरं ज्याची बांधतात तोच दगड. माथ्यावर चढू नका, खालच्या लेण्यांपाशी फिरा. मग गुहागरला चिऱ्याचं कुंपण दिसलं की वडीलच आईंना सांगतील की हा दगड आपल्या औशाचा.

उभा_आडवा (बीड)

बरं, मी हरलो नाही, पण एक कामाचं सांगतो. वाळूत बूट नेऊ नका, मागं पट्टा असलेली रबरी सँडल न्या. नुसती चप्पल ओल्या वाळूत ‘चप्प’ करून चिकटते आणि माणूस तोंडावर येतो. धपाटे आणि शेंगाची चटणी दोन दिवस टिकते, कोकणातल्या गोडसर आमटीवर दुसऱ्या दिवशीच लागते.

खाडीपलीकडे (रत्नागिरी)

आमटीला नावं ठेवू नका. शाकाहारी जेवणाची काळजी नको, गुहागर आणि पुळ्याला घरगुती खाणावळीत आदल्या दिवशी सांगितलं तर आंबोळी, घावन, उकडीचे मोदक, बिरड्याची उसळ सगळं मिळतं. फक्त स्वयंपाकघर वेगळं आहे का ते माळकऱ्यांनी आधीच विचारावं, जेवायला बसल्यावर नाही. ठेचा मात्र घेऊन या, माझ्यासाठीही.

शेंगाचटणी (लातूर)

ठेचा पक्का. सध्या ठरलंय ते असं: येत्या रविवारी अंबाजोगाई, त्यानंतर सोमवारी निघून मंगळवारी वेरूळ आणि म्हैसमाळ, एक मुक्काम खुलताबादला.

देवगिरीची_वाट (छत्रपती संभाजीनगर)

ताई, मंगळवारी वेरूळ बंद! वर लिहिलंय बघा. मंगळवारी म्हैसमाळ आणि सुलीभंजन करा, बुधवारी सकाळी वेरूळ, दुपारी परतताना दौलताबाद. दुपारी तिथं ऊन असतं, त्यामुळं चांद मिनारापर्यंतच. पेरू घेताना भाव करा.